मेडिकलमधून आणलेली ट्यूब

आमच्या गावाचा आठवडी बाजार सोमवारी. त्या दिवशी दवाखान्यात बायकांची गर्दी असते, कारण भाजी, किराणा आणि डॉक्टर ही तिन्ही कामं एकाच एसटीच्या फेरीत उरकतात. मी त्वचारोगतज्ज्ञ. समोर येऊन बसलेली बाई आधी दार नीट लागलंय ना ते बघते. मग काय होतंय ते सांगण्याआधी पर्समधून एक ट्यूब काढून टेबलावर ठेवते. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली, पार चपटी झालेली. "मॅडम, हिनं बरं वाटतं बघा. पण लावायची सोडली की परत येतं."

मैत्रिणींनो, अर्धं निदान या एका वाक्यात असतं. लावलं की बरं, सोडलं की परत, असं ज्या ट्यूबचं होतं तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. सोबत बुरशीवरचं एखादं औषध, जंतूंवरचं एखादं औषध, अशी तीन-चार औषधांची भेळ. गजकर्ण असो, इसब असो, किडा चावलेला असो, मेडिकलच्या काउंटरवरून तीच ट्यूब मिळते. काय झालंय ते ओळखायची गरजच नको!

आता स्टिरॉइड म्हटलं की काही जणी घाबरून हात मागे घेतात, तेही बरोबर नाही. इसब, सोरायसिस यांत ते उत्तम औषध आहे आणि मी स्वतः ते रोज लिहून देते. किती जोराचं, शरीराच्या कुठल्या भागाला, किती दिवस, एवढं ठरवून दिलं की झालं. पण त्याचं काम काय, तर त्वचेची लाली, सूज आणि खाज शांत करणं. बुरशी किंवा किडा आत शिरला की आपलं शरीर त्याच्याशी भांडतं आणि त्या भांडणाची खूण म्हणजे खाज. स्टिरॉइड शरीरालाच गप्प बसवतं. भांडण मिटल्यासारखं वाटतं, बुरशी मात्र आत निवांत वाढत राहते.

गजकर्णाचंच बघा. कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद. हा बुरशीचा आजार. गोल किंवा चंद्रकोरीसारखा डाग, कडा थोडी उचललेली, लालसर, त्यावर बारीक खवले, आणि मधला भाग त्यामानाने स्वच्छ. घाम आला की खाज अनावर होते. जांघेत, कमरेला परकराच्या नाडीखाली, काखेत, स्तनांखाली, पार्श्वभागावर, म्हणजे नेमका जिथे दाखवायला संकोच वाटतो तिथे. म्हणून बाई दाखवत नाही. नवऱ्याला किंवा मुलाला मेडिकलमध्ये पाठवते, "खाजेची ट्यूब आण" म्हणून.

ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज जाते. आठवड्यात डाग फिका पडतो. मग बंद केली की दुप्पट. असं चार-सहा महिने चाललं की गजकर्णाचं रूपच बदलतं. ती गोल कडा पुसट होते, कधी एका कड्यात दुसरं कडं दिसतं, डाग ताटाएवढा पसरतो. आमच्यासारख्यांनाही मग नुसतं बघून ओळखणं अवघड जातं. खवले खरवडून, त्यावर एक रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधावी लागते. शिवाय जांघेतली, मांडीची त्वचा पातळ होऊन गरोदरपणात पोटावर येतात तसे पट्टे उमटतात. गजकर्ण बरं होतं, पण हे पट्टे पुरते जात नाहीत. पंचविशीतल्या मुलींच्या मांड्यांवर ते बघताना मला फार राग येतो. त्या मुलींचा नाही, ही ट्यूब गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जाते त्याचा. खरं तर २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा झाला, काउंटरवरचा कारभार फारसा बदलला नाही.

मागच्या पावसाळ्यात एक सून आली. आठ महिन्यांपासून गजकर्ण. घरात सात माणसं, न्हाणीच्या खुंटीला दोन टॉवेल, आणि ट्यूब एकच, सगळ्यांची मिळून. तिला वाटत होतं, आपल्यालाच झालंय. म्हणून ती सासूबाईंपासून लपवत होती. मी म्हटलं, "घरातल्या सगळ्यांना पुढच्या सोमवारी घेऊन ये." ती रडायलाच लागली. शेवटी नवऱ्याला समजावलं, सगळे आले. सासूबाईंच्या कमरेला होतं, जावेच्या काखेत, नवऱ्याच्या जांघेत, आणि धाकट्या मुलाच्या गालावर. आणि सासूबाईही सुनेपासून लपवत होत्या! मग सगळ्यांना एकाच वेळी औषध सुरू केलं. एकटीला दिलं असतं, तर ती महिन्यात बरी होऊन पुढच्या महिन्यात पुन्हा आली असती.

गजकर्णाला साधं, एकाच औषधाचं बुरशीचं मलम लागतं. डाग असेल त्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं, आणि डाग गेला तरी निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. इथेच आपण कंटाळतो. जास्त पसरलं असेल तर पोटातून गोळ्या लागतात, आणि हल्ली त्या पूर्वीपेक्षा जास्त दिवस द्याव्या लागतात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत गजकर्णाची जी बुरशी पसरलीय तिला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं. नावातच इंडिया आहे. टर्बिनाफिन हे एके काळचं हमखास औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या भरल्या पोटी घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर सांगायचं, तिच्यामुळे कॅप्सूल अंगी लागत नाही. दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, लिव्हरचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर तेही आधी सांगायचं. गजकर्ण किंवा स्तनांखालची लाल, ओली, चरचरणारी जागा पुन्हा पुन्हा होत असेल, तर एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. कित्येकींचा मधुमेह असाच सापडतो.

आणि कपडे. आपल्याकडे बायकांचे आतले कपडे कुठे वाळतात? साडीच्या आड, टॉवेलच्या खाली, नाहीतर न्हाणीतल्याच दोरीवर. कुणाला दिसू नयेत म्हणून. पावसाळ्यात ते वाळतच नाहीत, तसेच दमट अंगावर चढतात. बुरशीला आणखी काय हवं? गच्चीवर जुनी ओढणी आडवी बांधा, पण कपडे उलटे करून उन्हात घाला. पाऊस असेल तर इस्त्री फिरवा, नाडीच्या नेफ्यावर आणि शिवणींवर जास्त. आजार असेतोवर कपडे कढत पाण्यात धुवा. टॉवेल ज्याचा त्याचा. ओल्या परकरावर साडी नेसून स्वयंपाकाला लागायची घाई नको.

नाडीवरून आठवलं. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून बांधलेल्या नाडीने कमरेला काळा वळ पडतो, तो आपण दागिन्यासारखा मिरवतो. नुसता वळ असेल तर काळजी नाही. नाडी सैल करा, एक दिवस वर, एक दिवस खाली बांधा, किंवा रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या. पण त्या जागी चिघळलेली, महिना-दोन महिने न भरणारी जखम असेल तर ती गजकर्ण समजून मलम चोपडत बसू नका. धोतराच्या आणि साडीच्या काचण्याने कमरेला कॅन्सर होऊ शकतो हे मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच मांडलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा केली. फार क्वचित होतं हे, पण न भरणारी जखम दाखवायलाच हवी.

आता ती ट्यूब हातात घ्या आणि चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. स्वतःला येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीची औषधं. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमॅझोल ही नावं ऐकायला सख्ख्या बहिणींसारखी वाटतात, आणि काम अगदी उलट. फोनवर नाव विचारून औषध आणवणाऱ्यांनी इथे फार सांभाळावं.

खरूजही अशीच या ट्यूबखाली लपते. तिची ओळख सोपी आहे, खाज रात्री अंथरुणात पडल्यावर वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, स्तनाग्रांजवळ बारीक पुटकुळ्या येतात, आणि घरातले आणखी दोघं-तिघं खाजवत असतात. शाळेच्या वसतिगृहातून मूल सुट्टीला आलं आणि पंधरा-वीस दिवसांत घर खाजवायला लागलं, तर दुसरं काही शोधू नका. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री, खाज असो वा नसो. तान्ह्या बाळाला मात्र विचारल्याशिवाय लावू नका, त्यांना डोक्यालाही लागतं. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात, आणि धुता न येणाऱ्या गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवायच्या. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते. ती बघून रोज रोज मलम फासू नका.

चेहऱ्याची गोष्ट निराळी, कारण तिथे खाजेपेक्षा लोकांची नजर जास्त टोचते. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा येते, ती वांग. ती खाजत नाही, दुखत नाही, आणि तिच्यामुळे तब्येतीचं काही बिघडत नाही. ऊन, गरोदरपण आणि संततिनियमनाच्या गोळ्या या तिघांचा तिच्यात हात असतो. लिंबू चोळून ती जात नाही, उलट लिंबू लावून उन्हात गेलं तर चेहरा भाजून आणखी काळा पडतो. वांगावर १९७५ साली डॉ. क्लिगमन यांनी तीन औषधांचं एक मिश्रण सुचवलं, त्यात एक स्टिरॉइड होतं. तसलंच मिश्रण आज आपल्याकडे ट्यूबमध्ये येतं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे आठवडे वापरायचं, आणि गरोदरपणात अजिबात नाही. आपल्याकडे काय होतं, तर एकीला गुण येतो, मग ती भिशीत सांगते, आणि सगळ्या जणी 'गोरं व्हायची क्रीम' म्हणून वर्षानुवर्षं लावतात.

पहिला महिना खरंच चेहरा उजळतो. पुढे गाल लाल होतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. क्रीम सोडली की चार दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. ही सवय दारूसारखीच. अशा वेळी एकटीने झटक्यात बंद करून आरशासमोर रडत बसू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. हळूहळू सोडवता येते. पण दोन-चार महिने धीर लागतो, आणि वांग थोडी परत दिसेल हेही मी आधीच सांगून ठेवते. वांगेला खरा उतारा म्हणजे ऊन टाळणं. सनस्क्रीन परवडत असेल तर दोन बोटांवर मावेल इतकं, दिवसातून दोनदा-तीनदा. शेतात राबणारीने ओढणी किंवा सुती कापड पुढे ओढून बांधावं. ते काही कमी नाही.

जिच्यावर नाव नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी पार्लरमधून किंवा ओळखीतून आलेली डबी तर घरात घेऊच नका. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. एकाच घरातल्या मायलेकींची किडनी बिघडली, कारण काही सापडेना. त्या वापरत असलेल्या क्रीमची मुंबईच्या केईएम रुग्णालयामार्फत तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पारा निघाला. पाऱ्याने रंग उजळतो खरा, पण तो त्वचेतून आत जातो. आपल्या २०२० च्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये तो मुद्दाम घालायला बंदीच आहे.

पांढऱ्या डागाचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते. मुलांच्या गालावर फिकट, थोडे खरखरीत डाग असतात, त्यांना आपण जंत नाहीतर कॅल्शियमची कमतरता समजतो. ते कोरड्या त्वचेचे असतात. साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावत राहा. मोठ्यांच्या छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट ठिपके आणि नखाने खरवडलं की पिठासारखा कोंडा निघतो, ती शिबं. ती बुरशीच, औषधाने बुरशी जाते, रंग भरायला मात्र काही महिने लागतात. कपाळावर बरोब्बर टिकलीच्या जागी डाग पडला, तर दोष टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा. एका बाईंना टिकली बंद करा म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीचं उघडं कपाळ बरं दिसतं होय?" मी म्हटलं, "पेन्सिलीने गंधाचा ठिपका काढू द्या, डागाच्या थोडा वर. कुंकूही काही दिवस नको, रंगाने खाज येते." पटलं त्यांना. असा डाग वेळेत लक्षात आला तर बऱ्याचदा भरून येतो. दुधासारखा पांढरा, स्पष्ट कडेचा, कोंडा नसलेला डाग असेल तर ते कोड. ते शिवाशिवीने होत नाही, आणि मासे-दूध एकत्र खाल्ल्यानेही नाही. लवकर उपचार केले तर पुष्कळ फरक पडतो.

आणि एक डाग असा, जो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी लक्षच देत नाही. फिकट किंवा किंचित लालसर, आणि त्या जागी स्पर्शच कळत नाही. डोळे मिटायला सांगा, कापसाचा धागा आधी चांगल्या त्वचेवर टेकवा, मग डागावर. कुठे लागलं ते बोटाने दाखवता आलं नाही तर थेट सरकारी दवाखाना गाठा. हा कुष्ठरोग असू शकतो. हातापायाला मुंग्या येणं, पायातली चप्पल नकळत निसटणं, हीसुद्धा त्याची लक्षणं.

अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. दंडावर एकच डाग. चार महिने त्याच्यावर तीच मिश्र ट्यूब लावून झालेली, कारण पुढच्या महिन्यात बघायला येणार होते. कापूस टेकवला, तिला कळला नाही. निदान सांगितल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "आता हिला कोण करून घेणार?" दुसरा, "आणि लग्न झाल्यावर कळलं तर सोडून देतील?" मी त्यांना सांगितलं की कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून पूर्वी कायद्यात होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलंय. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार लवकर कमी होते, तिचं ताट-भांडं वेगळं करायचं नाही, हेही सांगितलं. आई गप्पच होती. मुलीने विचारलं, "गोळ्या किती दिवस?"

तिच्यासारख्या एक-दोन डागांना सहा महिने, जास्त डाग असतील तर बारा. गोळ्यांचं पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला फुकट मिळतं. आशाताईने घरी येऊन सगळ्यांचे डाग तपासले, आणि घरच्यांना प्रतिबंधक म्हणून रिफॅम्पिसिनचा एकेक डोस दिला. मुलगी दर महिन्याला कॉलेजला जाताना वाटेत उतरून पाकीट स्वतःच घ्यायची. सहा महिने झाले तेव्हा डाग पुसट झाला होता. बघायला येणाऱ्यांना आईने पुढच्या वर्षी या म्हणून कळवलं होतं, कारण मुलीची परीक्षा होती.